पेल्यांच्या राणीचे पाय

"...मग दार लावायचं की उघडं ठेवायचं? एकदाच काय ते सांगा ना, आजी!"

एवढं बोलून वैजयंतीने पडवीत बसकण मारली. चपला काढायचंही भान नव्हतं तिला.

सत्यभामाआजींनी मान वर केली नाही. कुंचला पानावर टेकलेला असला की त्या कुणाशीच बोलत नाहीत. देव आला तरी त्याला ओटीवर थांबावं लागेल.

कोण कोण ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून घोळ होतो.

सत्यभामा चितारी म्हणजे आमच्या सावंतवाडीकडची जुनी गंजिफा रंगवणारी बाई. गोल पत्ते, त्यांवर दशावतार, वरून लाखेचं रोगण. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच. मग कधीतरी एक परदेशी बाई आली, टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे, पत्ते दाखवले, म्हणाली, हे मला तुमच्या हाताने रंगवून हवेत. आजींनी रंगवून दिले. रंगवता रंगवता पत्त्यांतली माणसं त्यांच्याशी बोलायला लागली म्हणे. बाई पत्ते घेऊन गेली, माणसं इथेच राहिली. मग आजींनी स्वतःसाठी एक जोड रंगवला. तेव्हापासून पत्ते बघून घ्यायला लांबलांबून लोक येतात आणि समोर बसतात.

मी बाबल. शेजारी राहतो. रंगवण्याआधी पान दगडाने घोटून गुळगुळीत करावं लागतं, ते काम माझं. तोंड माझं फटकळ आहे. दगड चालू असला की बाबल कमी बोलतो, असं आजींचं म्हणणं.

आणि वैजयंती आजींची शिष्या. इथे राहून शिकली, आजींनी रंगवलेला एक जोड घेऊन कोल्हापूरला गेली, तिथे नाव काढलं. "माझ्याकडे रडत आलेला माणूस हसत जातो," असं ती सांगायची. खोटं नव्हतं ते. पण सांगताना हनुवटी जरा वर जायची, ते मला दिसायचं.

त्या सकाळी हनुवटी वर नव्हती.

आंबोलीच्या बाजूने धुकं उतरलं होतं. अंगणातला फणस कमरेपर्यंतच दिसत होता, त्याचा वरचा अर्धा भाग कुठेतरी निघून गेला होता. सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं गप्प.

आजींची रेघ संपली. त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला.

"कुणासाठी दार?"

"हेरंबसाठी."

हेरंब तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. हिनेच वाढवला, हिनेच शिकवला. आता चांगला मोठा घोडा झालाय, आणि पितो.

"हाताला काय झालं?" आजींनी विचारलं.

वैजयंतीच्या डाव्या मनगटाला पट्टी होती. तिने हात पदराखाली घेतला.

"पडलीस?"

"नाही..."

"मग?"

"ढकललं त्याने. नंतर माझे पाय धरून रडत बसला."

"आणि तू?"

"मी... त्याला जेवायला वाढलं. उजव्या हाताने."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हातातला दगड मी खाली आपटला. आजींनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मी दगड परत उचलला.

"मग परवा पहिल्यांदाच आतून कडी लावली," वैजयंती म्हणाली. "तो बाहेरून दार बडवत होता. मी आत, कानांवर उशी धरून. म्हणाला, ताई, दार उघडलं नाहीस तर मी जगणार नाही. आजी, दार उघडलं की मी संपते. लावलं की तो संपतो. दोघांतलं एक कुणीतरी जाणारच... मी कुणाला घालवू?"

मी पान घोटत राहिलो.

आजींनी विचारलं, "पत्त्यांना विचारलंस?"

"रोज."

"रोज हेच?"

"...हेच."

"बिचारे कंटाळले असतील गो."

"मनासारखं पान येईपर्यंत मी काढत राहायचे."

"मनासारखं म्हणजे कुठलं?"

वैजयंती हळूच म्हणाली, "तेच कळत नव्हतं."

"बरं. आण ते पत्ते."

तिने पिशवीतून रेशमी फडक्यातलं गाठोडं काढलं. गाठ इतकी घट्ट की दातांनी सोडवावी लागली. फडकं उलगडलं, आणि मी म्हटलं, अरे देवा!

आत पत्ते नव्हतेच. आत वीट होती.

सगळे पत्ते एकमेकांना चिकटून त्यांचा एकच ठोकळा झाला होता. कडेने बघितलं तर पानं नीट मोजतासुद्धा येईनात.

"हे काय करून ठेवलंस?" मला राहवलं नाही.

"मी ठरवलं होतं, आता बास," ती म्हणाली. "लोक येतात, रडतात, ओल्या हातांनी पत्ते धरतात. सगळ्यांचं सगळं पत्त्यांना चिकटतं आणि मग मला चिकटतं. हेरंबचंही. म्हणून प्रत्येक पानाला लाखेचा आणखी एक हात दिला. पुढून, मागून, चांगला जाड. कुणाचं काही लागू नये म्हणून. आणि घट्ट बांधून ठेवले."

"वाळू दिले होतेस?"

"घाई झाली..."

लाख म्हणजे काय आहे, ती या दमट हवेत लवकर वाळत नाही. पानं चटईवर सुटी सुटी मांडायची, दोन पानांच्या मधून वारा फिरायला हवा, आणि मग विसरून जायचं. आमच्याकडे हे कुणीही सांगेल. हिला तर आजींनी स्वतः शिकवलेलं. पण भ्यायलेल्या माणसाला शिकलेलं आठवतं कुठे!

आजींनी ठोकळा तिच्यापुढे ठेवला.

"काढ एक पान."

वैजयंतीने नख घातलं. मग दुसरं. पान हलेना.

"छान झालं की गो," आजी म्हणाल्या. "एकच पत्ता. वाचायला किती सोपं."

मी हसलो. वैजयंतीला रडू फुटलं. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी उगाचच घोटलेलं पान पुन्हा घोटत बसलो.

आजींनी तो ठोकळा मांडीवर घेतला. तोंडाजवळ नेला आणि त्याच्या कडेवर श्वास सोडला. फुंकर नव्हे... नुसता श्वास, झोपलेलं माणूस सोडतं तसा. उबेने लाख मऊ पडते. मग थांबल्या. मग परत. धुकं पडवीत शिरलं होतं आणि त्यांचा श्वास कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. किती वेळ गेला देव जाणे. माझेही डोळे मिटायला लागले.

"दोरा दे," आजी म्हणाल्या.

मी रिळाचा दोरा तोडून दिला. त्यांनी तो वरच्या दोन पानांच्या फटीत धरला आणि इकडून तिकडे, इकडून तिकडे, अगदी सावकाश फिरवला. जोर नाही, ओढाताण नाही.

वरचं पान सुटलं.

"कुठलं आलं?"

"नऊ काठ्यांचं," वैजयंतीने डोळे पुसले. "डोक्याला पट्टी बांधलेला माणूस. मागे काठ्यांचं कुंपण. हातात एक काठी घेऊन पहारा करतोय."

"कुणावर?"

"जो येईल त्याच्यावर."

"पानात कोणी आलंय?"

"नाही. एकटाच आहे."

"मग त्याला लागलं कुठे?"

वैजयंतीने आपल्या मनगटाकडे पाहिलं.

आजींनी पान उलटं केलं. पानाच्या पाठीवर रंगाचा डाग होता, गुलाबी. खालच्या पानावरचा एक गाल या पानाच्या पाठीबरोबर निघून आला होता.

खालचं पान होतं पेल्यांची राणी. आजींच्या हातचं सगळ्यात देखणं पान, मी शपथेवर सांगेन. राणी समुद्राच्या काठी बसलेली, दोन्ही हातांत पेला. आता तिला एकच गाल होता.

"अगंबाई..." वैजयंतीच्या तोंडून एवढंच निघालं.

"पेला कसा आहे तिचा?"

हे वैजयंतीला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. ती सरसावून बसली, आवाजसुद्धा बदलला, गिऱ्हाइकापुढे बसल्यासारखा. "झाकलेला. बाकीच्या पानांवरचे पेले उघडे, कुठे सांडलेले, कुठे भरून वाहणारे. झाकण आहे ते फक्त हिच्या पेल्याला. म्हणजे मन मोकळं ठेवावं, पण स्वतःची मर्यादा सांभाळावी. मी लोकांना नेहमी समजावून सांगते. लोक माना डोलावतात."

"आणि हेरंब?"

"...तो नाही डोलावत."

"पाय कुठे आहेत?"

"कुणाचे?"

"राणीचे गो."

वैजयंतीने पान डोळ्यांजवळ नेलं. लाखेच्या जाड थराखाली नीट दिसत नव्हतं. तिने पदराने पुसलं, तिरकं धरलं, उजेडाकडे केलं.

"पाण्यात आहेत," ती म्हणाली. "घोट्यापर्यंत... हे मी कधी बघितलंच नव्हतं."

"हं."

"म्हणजे मी काय करायचं, आजी?"

"मला काय विचारतेस? मी चितारीण. पेल्यावर झाकण रंगवलं, पाय पाण्यात रंगवले. दोन्ही एकाच बैठकीत."

तेवढ्यात आवाज आला.

"ताई..."

धुक्यातून आला. खालून, पायवाटेच्या बाजूने. माणूस दिसत नव्हता.

"ताई! कुठे आहेस? माहितीय मला, इथेच आलीयस तू!"

वैजयंती पांढरीफटक पडली. तिच्या मागोमाग पुढच्या गाडीने आला असणार. ती अडचणीत सापडली की कुठे जाते, हे त्याला ठाऊक होतं.

आमच्या घरांभोवती चिऱ्यांचा गडगा असतो, छातीएवढी दगडी भिंत. आत यायला मध्ये एक बेडं, म्हणजे दोन-तीन आडवे बांबू. ते सरकवायचे आणि आत यायचं. आम्ही ते लावतो गुरांसाठी. माणसांसाठी लावायची वेळ येत नाही.

बांबू खडखडला.

"आजी, आत येईल तो!" वैजयंती उठली, बसली, परत उठली. "मी मागच्या दाराने जाऊ का? नाहीतर असं करते, त्याला आत घेते, शांत झाला की..."

"वाच," आजी म्हणाल्या.

"काय वाचू? पत्ते तर..."

"पत्ते राहू देत. आवाज वाच."

"ताई गं..." पुन्हा आला.

वैजयंतीने डोळे मिटले. फणसावरून पाणी टपटपत होतं तेवढंच.

"प्यायलाय," ती म्हणाली. "रागावलाय. आणि..." तिचा आवाज बदलला, "उपाशी आहे. लहानपणी भूक लागली की असंच 'ताई गं' लांबवायचा."

"यातल्या कशाला द्यायला आहे तुझ्याकडे काही?"

वैजयंतीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत चुलीवर पेज रटरटत होती. ती आत गेली, वाडगा भरला, त्यात लोणच्याची फोड टाकली आणि अंगणात उतरली. चार पावलांवर धुक्याने तिला घेतलं. मला तिचा पदर तेवढा पांढुरका दिसत होता.

बाकीचं मी ऐकलं. ऐकायला कान लावावे लागले, हे कबूल.

"बेडं काढ," हेरंब म्हणाला.

"नाही."

"काढ म्हणतो ना!"

"तू बाहेरच थांब, हेरंब. मी इथे उभी आहे. पेज आणलीय तुला."

"मी काय भिकारी आहे? तुझा भाऊ आहे मी!"

"आहेस ना. म्हणून तर आणलीय."

मग तो म्हणाला, अगदी खालच्या आवाजात, "आई असती तर तिने उघडलं असतं."

मला वाटलं, संपलं. आता ही बांबू सरकवणार. माझा जीव टांगणीला लागला.

"हो," वैजयंती म्हणाली. "तिने उघडलं असतं. मी आई नाही रे. मी ताई आहे."

आणि वाडगा चिऱ्यावर आपटल्याचा आवाज आला.

ती परत आली तेव्हा साडीवर पेज सांडलेली, हात भाजलेला, आणि डोळ्यांना धार.

"फेकली," ती म्हणाली. "त्याने फेकून दिली, आजी."

मी ताडकन उठलो. "पुरे झालं! मी जातो आणि दोन कानाखाली ओढतो त्याच्या. हे काय चाललंय काय!"

"बाबल," आजी म्हणाल्या, "दगड घे."

मी घेतला. मला वाटलं, मारायलाच. त्यांनी बोटाने अर्धवट घोटलेलं पान दाखवलं. मी बसलो झक मारत.

आजी स्वतः उठल्या. गुडघे धरत आत गेल्या. दुसरा वाडगा काढला, पेज ओतली, लोणच्याची फोड टाकली. तेवढीच पेज, तेवढीच फोड. बाहेर येऊन तो वैजयंतीच्या हातात दिला.

"परत?"

आजींनी मान डोलावली.

"आता त्याला काय सांगू?"

"गरम आहे म्हणून सांग."

वैजयंती पुन्हा धुक्यात गेली. या वेळी तिची पावलं ऐकू आली नाहीत. किती वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटायला लागलं, दोघंही गेली, गडगाही गेला, या पडवीच्या पुढे आता काही उरलंच नाही.

मग तिचा आवाज आला.

"हेरंब... गरम आहे. जपून."

बस. एवढंच बोलली. समजूत नाही, उपदेश नाही.

बराच वेळ गेला. मग एक भुरका ऐकू आला. मग दुसरा. मध्येच एक हुंदका, आणि पुन्हा भुरका. तो गडग्याच्या पलीकडे उभा राहून पेज पीत होता. काय सांगू, मघाशी त्याच्या कानाखाली मारायला निघालेला मी, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"ताई," तो म्हणाला, "आत घे ना गं."

"नाही रे राजा."

एवढ्या मायेने 'नाही' म्हटलेलं मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही.

तो काहीतरी पुटपुटला. ती काहीतरी म्हणाली. धुक्यात शब्द विरघळले. एकदा मला वाटलं, गडग्यावर दोन हात दिसले, एकावर एक. खरं की भास, सांगता येणार नाही. मग वाटेवरची पानं वाजली, दूर गेली.

वैजयंती आली. हातात रिकामा वाडगा होता. पायरीवर बसली आणि खूप रडली. आजींनी तिला रडू दिलं. तिचा भाजलेला हात मात्र पाण्याच्या भांड्यात धरून ठेवला.

"जीवबीव देणार नाही म्हणाला," थोड्या वेळाने ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. "आज खाली शाळेच्या ओसरीवर झोपतो म्हणाला. मी त्याला दारू सोडवायच्या ठिकाणाचं नाव सांगितलं. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही."

"हं."

"उद्या परत येईन म्हणाला, आजी. पिऊन येईल की शुद्धीत, देवाला ठाऊक. पेज पिईल की परत फेकेल, तेही ठाऊक नाही." तिने तोंड पुसलं. "आता तरी सांगा. उद्या बेडं काढू? की गडग्यावर आणखी एक थर रचून घेऊ?"

आजी चुलीपाशी गेल्या होत्या. त्यांनी लाकूड पुढे सारलं, झाकण उचलून पातेल्यात डोकावून पाहिलं.

"उद्या तांदूळ थोडे जास्त टाक," त्या म्हणाल्या. "गडगा आहे तेवढाच राहू दे."